वाघाचा रकाना

एकूण जनावरं : १२

सध्या दोनच. दहा यायच्या आहेत. एक मेली, तिच्यासाठी रकाना नाही.

"रकाना म्हंजे काय वं?" ताराबाईनं विचारलं.

"खाना, मोठी माय. फारमात रायते ना, इथी नाव लिवा, इथी गाव लिवा. तसा," दिव्यानी म्हणाली.

"मंग मेलेल्याचा काऊन नाई? राशनच्या फारमात रायते. नाव कमी कराले."

लटारूचं नाव राशनकार्डावरून कमी करायला दोन वर्षांपूर्वी ताराबाईच रीतासोबत तालुक्याच्या गावी, सावलीला, गेली होती. तिनं जीभ चावली, सूप ओढलं आणि पाखडून झालेले तांदूळ पुन्हा पाखडायला घेतले. चुलीकडच्या दारात रीता, दिव्यानीची आई, बसली होती. लटारू तिचा नवरा; त्याच्याबद्दल ती बोलतच नसे. वनखात्याच्या माणसांनी विचारलं तेव्हाही तिनं फक्त जागा दाखवली होती. मोहाचं झाड, मोहफुलांचा टोपला, वाळू.

पोळा काल झाला. आज सकाळी दारातल्या पळसाच्या फांद्या काढून, ईडा-पिडा घेऊन जा म्हणत त्या गावाबाहेर फेकून झाल्या होत्या. पण पिडा सपरीत, घरापुढच्या ओसरीतच, बसून होती, निळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. त्यात निकेश ठेकेदाराचा, गाईंच्या कोठ्याचा छापील नकाशा होता : चार भिंती, चार खिडक्या, वर टिनाचं छत. निकेश चार वाजता येणार होता. दहा गाई देणाऱ्या सरकारी योजनेच्या कागदांसोबत घरानं आज एकच नकाशा द्यायचा होता, त्याचा छापील नाहीतर स्वतःचा. बोडीजवळची, म्हणजे शेततळ्याकडची, उंच जमीन रीताच्या नावावर, म्हणून सही रीताची. ती ज्या नकाशावर सही करेल, त्या नकाशाच्या कोठ्यात बारा गाई जगणार होत्या, किंवा जगणार नव्हत्या.

दिव्यानीचा नकाशा अजून अर्धा होता. उपड्या टोपलीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये तो अडकून पडला होता, कारण एक रकाना भरल्याशिवाय कोठ्याची उष्णता काढणारा कॉम्प्युटरचा कार्यक्रम पुढं सरकत नव्हता.

ठिकाण :

तिनं खैरटोला लिहिलं. कार्यक्रमाला खैरटोला माहीत नव्हतं. त्यानं नकाशावर कुठंतरी एक निळा ठिपका टाकला.

"हे आमचं गाव नाई," इस्तारी म्हणाला. तो लटारूचा मोठा भाऊ, ताराबाईचा नवरा. गावतलावाची मासेमारी त्याच्याकडे. कॉम्प्युटरपासून तो हातभर दूर बसला होता, पण मान तिकडेच. "आमचं गाव त्याले दिसूनच नाई राह्यलं, अन् आमचा कोठा बांधून राह्यला."

"म्हणून तं मीच हवा भरली, मोठे बाबा. नागपूरहून आली तेव्हापासून वर्षभर मी इथी रोज दुपारी गरमी अन् ओल मोजली. तो ठिपका त्याचा. हवा आपली."

धापांक :

हा शब्द कार्यक्रमातला नव्हता. कार्यक्रम इंग्रजीत दोन आकडे मिसळून तिसरा आकडा सांगायचा : उष्णता किती, दमटपणा किती, आणि दोन्ही मिळून गाईच्या अंगावर किती. नागपूरच्या कॉलेजात हे शिकताना दिव्यानीला त्या आकड्याचं इंग्रजी नाव पाठ होईना. घरी येऊन तिनं गाईच्या बरगड्या मोजल्या, मिनिटाला किती वेळा हलतात ते. मग कार्यक्रमाच्या त्या तिसऱ्या आकड्याला तिनं धापांक म्हटलं. बहात्तरच्या खाली गाय रवंथ करते. ऐंशीच्या आसपास धापते, पण सावली, पाणी आणि वारा असेल तर निभावते. नव्वद ओलांडलं की मरू शकते.

आणि तो सगळ्यात वाईट वैशाखात नसतो. वैशाख कोरडा भाजतो. भादव्यात पाऊस चार दिवस उघडला की धानाच्या बांध्यांतलं पाणी वाफ होऊन उठतं, माणसाचा घाम अंगावरच राहतो आणि गाईचाही. आत्ता, सपरीत, सकाळच्या अकराला, चौऱ्याऐंशी होता.

"चौऱ्याऐंशी," तिनं वाचलं.

"हे सांगाले यंत्र कायले पायजे?" ताराबाईनं पदरानं मान पुसली. "मले विचारलं असतं तं मीच सांगलं असतं."

बाजूच्या भिंती : आहेत / नाहीत / काही प्रमाणात

इथं सगळं अडलं होतं.

"आहेत," इस्तारी म्हणाला. "लिव. आहेत."

"नाहीत," दिव्यानी म्हणाली. "लांबी उगवती-मावळती, छत चौदा फूट उंच, मधात वरून फट, अन् चारी बाजू मोकळ्या. वारा इकडून आला का तिकडून गेला पायजे. भिंती टाकल्या का एकोणनव्वद. नाई टाकल्या का एकोणऐंशी. दहाचा फरक आहे, मोठे बाबा. दहात गाय मरते."

"अन् वाघ?"

तिनं रकान्यांची यादी वर-खाली सरकवली.

"तुह्या त्या फारमात सारं आहे. गाय किती लिटर देते, पाणी किती पेते, सूर्य कुठून निंगते. वाघाचा खाना कुठी आहे? दाखव."

"नाई आहे."

"काऊन नाई?"

"ज्यायनं हा बनवला त्यायच्याकडे गरमी आहे. वाघ नाई."

"मंग त्यायले म्हणा, एक दिवस आमच्या बोडीवर या."

प्रफुल हसला. तो इस्तारीचा मुलगा, तिशीतला. निकेशला त्यानंच घरी आणलं होतं. खांबाला टेकून तो मोबाइल बघत होता, पण स्क्रीन कधीची काळी झाली होती. "दिव्या, जिद करू नको. निकेशभाऊच्या नकाशाचे कोठे अख्ख्या तालुक्यात झाले."

"अन् अख्ख्या तालुक्यात भादव्यात दूध आटते. कोणी विचारलं काऊन आटते म्हणून?"

"आटू दे. गाय तं रायते ना."

"बिजली राह्यली का?"

प्रफुलनं मोबाइल खिशात टाकला.

(जुना कोठा. जो बांधून झाला आहे आणि ज्याचा नकाशा कोणी काढला नव्हता.)

बिजली ही घरातली पहिली संकरित गाय. मासे मारणाऱ्याच्या घरी दूध, म्हणून गाव हसलं होतं. पानठेल्यावरचा पत्रू तर अजूनही विचारतो, इस्तारीभाऊ, तुमच्या दुधाची साय निंगते का खवले निंगतात? बिजलीनं त्याचं तोंड बंद केलं होतं. दोन्ही वेळा मिळून अकरा लिटर. मग मागच्या भादव्यात एका सकाळी ती कोठ्यात जीभ बाहेर काढून पडलेली सापडली. ताराबाई म्हणाली, साप. इस्तारी म्हणाला, साप. दिव्यानी तेव्हा नागपूरला परीक्षेत होती. ती म्हणाली, गरमी, आणि कोणी ऐकलं नाही.

आता इस्तारी पुढं सरकला. पहिल्यांदाच त्यानं लॅपटॉपकडे बोट केलं.

"तुह्या यंत्राले एवढंच समजते ना? मंग जुना कोठा टाक त्यात. बिजली मेली तो दिवस टाक. सांगू दे त्याले का ते कायनं मेली."

"खरंच टाकू?"

"टाक ना. भेतो का मी?"

तिनं टाकलं. आठ हात बाय दहा हात. मातीच्या भिंती. कवेलूचं छत. गाई तीन. खिडक्या दोन. त्या दिवशी ती इथं नव्हती, म्हणून सावलीच्या हवामान नोंदीतून वहीत उतरवून ठेवलेली गरमी काढली, ओल काढली. कार्यक्रमानं थोडा वेळ घेतला. सगळे वाकले. रीतासुद्धा दारातून उठून उभी राहिली.

शहाऐंशी.

"शहाऐंशीत मरते का?" इस्तारीनं विचारलं.

"नाई," दिव्यानी म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "धापते. मरत नाई सहसा."

"पाय!" इस्तारीनं मांडीवर थाप मारली. "साप होता. तुहं यंत्रच सांगून राह्यलं, साप होता. माणसानं बनवलं तरी खरं बोलते बिचारं!"

ताराबाई हसली. दिव्यानी पडद्याकडे बघत राहिली. आकडा तिथंच होता, हिरव्या चौकोनात.

"खिडक्या किती टाकल्या?" प्रफुलनं विचारलं.

"दोन."

"शून्य टाक."

"दोन आहेत, दादा. मी स्वतः..."

"मी म्हणतो ना, शून्य टाक."

त्याचा आवाज ऐकून ताराबाईचं सूप थांबलं. दिव्यानीनं शून्य टाकलं. हिरवा चौकोन लाल झाला. त्र्याण्णव.

प्रफुलनं त्र्याण्णव वाचलं आणि खांबाला सोडून खाली बसला. काकाला वाघानं नेलं होतं, आणि मागच्या भादव्यात बोडीवर पुन्हा पंजे दिसले त्या रात्री दोन्ही खिडक्यांत गोणपाट कोंबून वरून माती लिंपली होती ती त्यानंच. गाई वाचाव्यात म्हणून. दरवाज्याच्या फटीतही त्यानं पोती ठोसली, एक श्वास बाहेर जाऊ नये म्हणून. सकाळी बिजली मेलेली पाहून, कोणी यायच्या आत, त्यानं खिडक्यांची माती फोडून गोणपाट काढलं. मग ताराबाईनं साप म्हटलं, तेव्हा त्यानंही हो म्हटलं. त्या दिवसापासून भिंतीच्या बाजूनं बोलणं त्याला भाग होतं. भिंत चुकीची ठरली असती तर साप खोटा ठरला असता.

"बुजवल्या होत्या मी," तो म्हणाला. "दोन्ही. वाघाच्या भेवानं."

इस्तारी मुलाकडे बघत राहिला आणि मग, वेगळ्याच आवाजात, लॅपटॉपला म्हणाला, "त्र्याण्णव म्हणते हे?"

"हो."

"हं."

बाजूच्या भिंती : काही प्रमाणात →→ साहित्य निवडा

वाद मिटला नाही. त्यानं कूस बदलली. आता प्रफुल दिव्यानीकडे होता आणि ताराबाई कोणाकडेच नव्हती. इस्तारी मात्र तिथंच.

"भिंत मारते, समजलं. मी बहिरा नाई. पण बिना भिंतीचा कोठा म्हंजे वाघाले वाढलेलं ताट आहे. बारा वाट्यायचं. तू एक काम कर, वरून लिंबाचं लोणचं बी ठेव."

"म्हणून मी कुंपण धरून राह्यली, मोठे बाबा. कोठ्यापासून दहा हातावर, चारी बाजूनं. बांबूचं. दहा फूट."

"बांबूचं?" तलावावर जन्म गेलेल्या माणसाचे कान टवकारले. "दाखव."

तिनं यादी उघडली. वीट, पत्रा, शेडनेट, बांबूची चटई. तिनं चटई निवडली होती. कार्यक्रम म्हणत होता : चटईतून पंचेचाळीस टक्के वारा आत जातो. बाकीचा अडतो. धापांक चौऱ्याऐंशी. एवढ्यानं भागणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती सकाळपासून तिथं थांबली होती.

"चटई?" इस्तारी म्हणाला. "चटई झोपाले रायते, पोरी. चटईनं कोणी कुपाटी करते का?"

"बांबूचं त्यात तेवढंच आहे."

"तलावाच्या सांडव्यावर मी काय लावतो?"

"ताटी."

"तिच्यातून किती पाणी जाते?"

दिव्यानीनं ती चूक केली जी फक्त त्या घरातली शिकलेली मुलगी करू शकत होती. "चटईसारखंच असंन ना. अर्धं."

इस्तारी उभा राहिला.

(इस्तारी)

अर्धं, म्हणते.

अरे, माह्या ताटीनं अर्धं पाणी अडवलं असतं तं पाळ फुटली असती. पहिल्याच पुरात. अख्खा टोला वैनगंगेत गेला असता, तू अन् तुहं कॉलेज बी. बाप सांगून गेला, ताटी मास्याले अडवते, पाण्याले सलाम करते. बांबू फोडाचा, पट्टी काढाची, अन् पट्टीची धार पाण्याकडे ठेवाची. पाठ नाई. धार. पाठ ठेवली का पाणी ढकलते, ताटी तुटते. धार ठेवली का पाणी दोन फाका होऊन निंगून जाते, त्याले समजत बी नाई का मधात काही होतं. लटारूले हे जमे नाई. तो पाठ ठेवे. मी म्हणो, भाऊ, तू मोहफुलंच येच, हे तुहं काम नाई.

माहीच चूक. मीच त्याले मोहफुलं येच म्हणो.

(पंखा)

घरामागच्या सांदवाडीत मागच्या वर्षीची ताटी उभी होती. इस्तारीनं ती ओढून अंगणात आणली आणि आडवी टेकवली, तशी ताराबाई ओरडली, "अवो, मास्याचा वास येऊन राह्यला घरभर!"

"येऊ दे. या घरात दुसऱ्या कायचा वास येईन?"

प्रफुलनं घरातला फर्राटा पंखा बाहेर आणला, लांब वायर जोडली. वारा नव्हताच, एक पान हलत नव्हतं, म्हणून पंखा. दिव्यानीजवळ कॉलेजातून मागून आणलेलं वारा मोजायचं यंत्र होतं, मुठीत मावणारं, वर छोटी चक्री असलेलं.

"आधी बिना ताटीचं," ती म्हणाली.

तीन पूर्णांक एक.

"आता चटई." ताराबाईची झोपायची चटई दोघांनी उभी धरली. चक्री मंदावली. एक पूर्णांक चार.

"बरोबर आहे यंत्र," दिव्यानी म्हणाली. "पंचेचाळीस टक्के."

"चटईचं बरोबर आहे. आता हटा."

इस्तारीनं ताटी स्वतः धरली. दोन पट्ट्यांमध्ये अंगठा जाईल एवढी फट, पट्ट्यांची धार पंख्याकडे. दिव्यानीनं यंत्र पाठीमागं धरलं. चक्री सुटली. तिनं आकडा पाहिला, पंखा वाढवला की काय म्हणून प्रफुलकडे पाहिलं, आणि पुन्हा आकडा पाहिला.

"किती?" इस्तारीनं विचारलं. त्याचे हात ताटीवर घट्ट होते.

"दोन पूर्णांक पाच."

"तीनातले अडीच. किती टक्के?"

"ऐंशी."

"अर्धं म्हणत होती ना तू?"

"चुकली मी, मोठे बाबा."

"तू नाई चुकली. तू विसरली." तो ताटी सोडून कपाळ पुसायला वाकला. "चुकणं वेगळं."

ती पळत सपरीत गेली. साहित्याच्या यादीत सगळ्यात खाली 'इतर' होतं. तिथं तिनं *ताटी* लिहिलं, देवनागरीत, आणि पुढं ऐंशी. कार्यक्रम विचारात पडला. मग त्यानं दिलं.

धापांक : ऐंशी.

एकोणऐंशी नाही. ऐंशी. एकाचा फरक.

"ऐंशी!" ती ओरडली, आणि प्रफुलनं पंखा बंद करायचं विसरून टाळी वाजवली, आणि ताराबाईनं विचारलं, "म्हंजे जिंकलं कोण?" आणि कोणालाच सांगता आलं नाही.

"वाघ ताटी तोडत नाई का?" हे रीतानं विचारलं.

सगळे वळले. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य होतं.

"मानवेलची करू," इस्तारी हळू म्हणाला. "आतून भरीव बांबू. हातभर खाली गाडाचा, वरून बाहेर झुकवाचा, म्हंजे बिबट चढला तरी उलटा पडते. तोडाले बसला तर रातभर लागन त्याले, अन् आवाज होईन."

"अन् तुम्ही उठान?"

"उठीन."

रीता आत गेली.

(रीता)

पाच वाजले की दार लावायचं. कडी, मग आडणा, मग पाटा सरकवायचा. दोन वर्षं. खिडकीला आतून पत्रा ठोकलेला. खोलीत हवा येत नाही. उशी ओली होते, ती घामानं. शेजारच्या भिंतीपलीकडे कोठा, तिथं दोन गाई धापतात, आणि त्यांची धाप आणि तिची धाप एकाच चालीवर पडते, कधी कधी तिला कळत नाही कोण कोणाची मोजतंय. वाघ त्या दिवसानंतर या घराकडे एकदाही आला नाही. यायची गरज नव्हती. सगळं आपसूक बंद झालं होतं.

चार वाजता

निकेश ठेकेदारानं मोटारसायकल अंगणातच आणली. पाकीट उघडलं, पेन काढला, सपरीच्या काठावर बसला. "चाल वहिनी, तीन जागी सही. पोळ्याचं पाणी नंतर पेतो."

"नकाशा घरचा देऊन राह्यलो आमी," प्रफुल म्हणाला.

"कोणता घरचा?"

दिव्यानीनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर तिचा कोठा उभा होता. छत उंच, बाजू उघड्या, दुरून काड्यांचं रिंगण. निकेशनं पाहिलं आणि मनापासून हसला. "अरे हे काय मंडप बांधून राह्यले का? लग्न आहे का गाईचं? मॅडम, वाघ काय तुमचा कॉम्प्युटर पाहून वापस जाते?"

"कॉम्प्युटर पाहून नाई जात," इस्तारी म्हणाला. "माही ताटी पाहून जाते."

"इस्तारीभाऊ, तुमी बी? सकाळपर्यंत तं तुमी..."

"सकाळी मी बेवकूफ होतो. तू चार वाजेपर्यंत आहे."

ताराबाईच्या तोंडातून हसू फुटलं. निकेशचं तोंड आंबलं. त्यानं आवाज खाली आणला आणि थेट रीताशी बोलला, कारण सही तिची होती. "वहिनी, यायचं ऐकू नका. पोट्टी शिकलेली आहे, तिले कागदावर सोपं वाटते. तुमच्या घरातलं माणूस गेलं. तुमाले तं माहीत आहे भिंत म्हंजे काय. तुमी सांगा."

रीता त्याच्यासमोर आली. पेन घेतला. निकेशनं छापील नकाशा पुढं सरकवला. तिनं तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवला.

"मले माहीत आहे भिंत म्हंजे काय," ती म्हणाली. "दोन वर्षं भिंतीतच आहो. वाघानं माहा माणूस नेला, भाऊ. तो नेला, बस. वारा बी त्यालेच देऊन टाकू का मी? सपरी बी? सांज बी? गाईच्या नाकातला दम बी?" तिनं पेन त्याच्या हातात परत दिला. "घरचा नकाशा जाईन. दिव्याचा. त्याच्यावर करतो सही. तुमच्या विटा तुमी दुसरीकडे न्या."

"पस्तावसान, वहिनी."

"पस्तावली तर वाघापाशी पस्ताईन. तुमच्यापाशी नाई येत."

निकेशनं पाकीट बंद केलं. मोटारसायकल वळवताना तो पंख्याच्या वायरीत अडकला, आणि प्रफुलनं अदबीनं वायर उचलून त्याला वाट करून दिली.

फट :

आता एकच रकाना उरला. ताटीच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. कार्यक्रम सेंटिमीटरमध्ये विचारत होता.

"पंख्यापुढं होती तेवढीच टाकू?" दिव्यानीनं विचारलं.

"ते मास्याची होती," इस्तारी म्हणाला. तो अंगणात उकिडवा बसला होता, मांडीवर कोयता, समोर ओला मानवेल. "फट अंदाजानं ठेवत नाई, पोरी. जो अडवाचा त्याले पाहून ठेवते. शिंगाड्याची येगळी, मरळाची येगळी. हिच्यात पंजा नाई शिरला पायजे, अन् वारा शिरला पायजे. वाघाचा पंजा किती रायते?"

प्रफुलनं मोबाइल काढला. "गुगलवर पायतो."

"गुगलचा वाघ नाई पायजे मले. इथला पायजे."

इस्तारीनं वर पाहिलं, पायऱ्यांवर रीता उभी होती, आणि त्याला कळलं की त्यानं कोणासमोर विचारलं. तो कोयता खाली ठेवू लागला. "राहू दे, मी विचारतो कोणाले, वनमजूर लच्छूले..."

रीता पायऱ्या उतरून आली. पंख्याच्या वायरीशेजारी, सकाळच्या सड्यानं अजून ओल असलेल्या मातीपाशी ती बसली. उजवा हात पुढं केला. बोटं आत दुमडली, मूठ थोडी उघडली, आणि मातीत दाबली. मग बोटाच्या टोकानं वर चार ठसे उठवले, एकेक करून. घाई न करता. मधल्या दोघांपैकी एक जरा पुढं. हात उचलून तिनं पाहिलं, बाहेरच्या बाजूचा ठसा पुसला आणि थोडा बाहेर पुन्हा उठवला.

"एवढा," ती म्हणाली. "टोपल्याच्या बाजूले होता. पुढचा उजवा. मागचा यापेक्षा बारीक होता, तो टोपल्यात होता, फुलायवर."

ताराबाईनं तोंडावर पदर धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा ते झाड, तो टोपला, ती वाळू अंगणात आली होती, आणि ते सगळं आणणारी रीता रडत नव्हती. ती इस्तारीकडे बघत होती.

"मोजा ना, भाऊ."

इस्तारीनं बांबूची पट्टी उचलली. त्यानं पट्टी ठशावर आडवी धरली, दोन्ही कडांवर नखानं खूण केली. खुणांमधली पट्टी अर्ध्यात मोडली. ती अर्धी पुन्हा अर्ध्यात.

"मागच्यासाठी अजून एक बोट कमी धरा," रीता म्हणाली.

"धरतो."

"वारा जाईन ना मंग?"

दिव्यानीनं बोटभर कमी केलेला तुकडा मोजपट्टीवर मोजला. अडीच. अंगठा जाईल एवढीच. मास्याच्या ताटीएवढीच निघाली. तिनं रकान्यात आकडा टाकला. धापांक हलला नाही.

"जाते," ती म्हणाली. "ऐंशीच आहे."

रीता उठली. हाताची माती तिनं पुसली नाही. दाराकडे पाहिलं. साडेचार वाजले होते, कडी लावायला अर्धा तास होता. ती दाराकडे गेली, आत जाऊन दुसरा कोयता घेऊन आली आणि इस्तारीच्या समोर मानवेलच्या दुसऱ्या टोकाशी बसली.

"धार कोणीकडे ठेवाची मनले?"

"वाऱ्याकडे."

"सांगा, चुकली तं," ती म्हणाली, आणि पहिला घाव घातला.